गरोदरपणात पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं तर उपचार कसे होतात

गरोदर बाईच्या पोटात पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेलं असेल, तर तिला तोच उतारा द्यायचा जो इतर कोणालाही देतात, त्याच मात्रेत आणि तेवढ्याच घाईनं. या उताऱ्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन, थोडक्यात एनएसी. पोटात बाळ आहे म्हणून हा उतारा रोखून धरायचं एकही कारण नाही. तरीही सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. घरचे म्हणतात, सकाळपर्यंत बघू. दवाखान्यात कोणीतरी विचारतं, बाळाला हे औषध चालेल का, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना येऊ दे. अशा विचारपुशीत चार-पाच तास सहज निघून जातात, आणि यकृताला नेमके तेच तास हवे असतात.

तास एवढे मोलाचे का, हे कळायला आधी शरीरात काय घडतं ते पाहू. पॅरासिटामॉलचा साधारण नव्वद टक्के भाग यकृत ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून निरुपद्रवी करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. उरलेला पाच-दहा टक्के भाग मात्र सीवायपी २ई१ नावाच्या एन्झाइमच्या तावडीत सापडतो आणि त्यातून नॅपकी नावाचा अतिशय आक्रमक पदार्थ तयार होतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. गोळ्या जास्त गेल्या की आधीच्या दोन वाटा तुंबतात, नॅपकी जास्त बनतो आणि ग्लुटाथायोनचा साठा झपाट्यानं आटत जातो. हा साठा नेहमीच्या तीस टक्क्यांच्या आसपास उतरला की नॅपकी थेट यकृताच्या पेशींतल्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात.

साठा आटायला काही तास लागतात. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. एनएसी शरीरात जाऊन ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून देतं. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत ते सुरू झालं, तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. आठ तासांनंतर संरक्षण हळूहळू कमी होतं, पण संपत नाही. चोवीस तासांनी आलेल्या, अगदी यकृत निकामी होऊ लागलेल्या रुग्णालाही एनएसीनं फायदा होतो. त्यामुळे ‘आता उशीर झाला, काय उपयोग’ असं म्हणून ते टाळायचं नाही.

पहिला दिवस फसवा असतो

पहिल्या चोवीस तासांत बाईला फारसं काही होत नाही. थोडी मळमळ, एखाद-दोन उलट्या, थकवा. गरोदरपणात हे रोजचंच, म्हणून कोणाला संशयही येत नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं आणि रक्तात एएलटी, एएसटी ही यकृताची एन्झाइम्स वाढू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नुकसान शिखराला पोचतं: कावीळ, रक्त न गोठणं, साखर उतरणं, गुंगी, मूत्रपिंडावर ताण. त्रास दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उताऱ्याची सर्वांत उपयोगी वेळ हातची घालवणं. बरं वाटतंय हा इथे पुरावा नव्हे.

बाळापर्यंत काय पोचतं

पॅरासिटामॉल वारेतून सहज आरपार जातं. बाळाच्या रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या जवळपास येते. आईच्या यकृतात तयार झालेला नॅपकी मात्र बाळापर्यंत पोचत नाही. तो जिथे बनतो तिथेच काही ना काही गाठून चिकटतो. बाळाला खरा धोका त्याच्या स्वतःच्या यकृतातून संभवतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाचं यकृत पॅरासिटामॉल मुख्यतः सल्फेट जोडून निकालात काढतं आणि नॅपकी बनवणारी एन्झाइम्स त्याच्याकडे फारशी नसतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती थोडी थोडी काम करू लागतात आणि पुढे वाढत जातात. म्हणजे गर्भ जितका मोठा, तितकं त्याचं यकृत स्वतःच विष तयार करायला सक्षम. सुरुवातीच्या महिन्यांत धोका असतो तो प्रामुख्यानं आईच्या आजारपणाचा आणि गर्भपाताचा.

एनएसी बाळापर्यंत पोचतं का, हा प्रश्न बरीच वर्षं अनुत्तरित होता. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत ते वारेतून फारसं जात नसल्याचं दिसलं होतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मात्र उपचार चालू असताना बाळंत झालेल्या बायकांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात एनएसी उपयोगी पातळीत सापडलं. त्याआधी, १९८९ मध्ये, अमेरिकेतल्या अनेक केंद्रांमधून गोळा केलेली गरोदर रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली होती. तिचा निष्कर्ष आजही उपचारांचा पाया आहे: एनएसी सुरू करायला जितका उशीर, तितकं गर्भपाताचं आणि बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण जास्त. एनएसीमुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही.

किती म्हणजे जास्त

वजनानुसार हिशोब करावा लागतो, आणि गरोदरपणात दोन वेगवेगळी वजनं वापरायची असतात. इथे चूक फार होते.

गोळ्या धोकादायक प्रमाणात गेल्या का, हे ठरवताना गरोदर राहण्याआधीचं वजन धरतात. एनएसीची मात्रा काढताना आजचं वजन धरतात. कारण सरळ आहे. वाढलेल्या वजनात बाळ, वार, गर्भजल आणि जास्तीचं पाणी असतं. या वाढीनं आईचं यकृत काही तेवढ्या पटीत मोठं होत नाही. ते वजन हिशोबात धरलं तर धोका आहे त्यापेक्षा कमी भासतो. उतारा मात्र त्या सगळ्या शरीराला, बाळासकट, पुरवायचा असतो.

चोवीस तासांत किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल गेलं असेल, तर त्रास असो वा नसो, दवाखान्यात जाऊन रक्त तपासायचं. समजा आधीचं वजन ५५ किलो आणि आता ६६ किलो आहे. ७५ गुणिले ५५ म्हणजे ४,१२५ मिलिग्रॅम. ६५० मिलिग्रॅमच्या सात गोळ्या म्हणजे ४,५५० मिलिग्रॅम, मर्यादेच्या वर. आजचं वजन धरलं असतं तर मर्यादा ४,९५० निघाली असती आणि याच सात गोळ्यांना ‘काही हरकत नाही’ म्हणून तिला घरी पाठवलं गेलं असतं. जाणूनबुजून गोळ्या घेतल्या असतील तर हा हिशोब करत बसायचं नाही. आकडा कितीही असो, थेट दवाखाना गाठायचा.

एकदम मूठभर गोळ्या घेणं हा प्रकार सगळ्यांना कळतो. दोन-तीन दिवसांत थोडं थोडं करून प्रमाण ओलांडणं कोणाच्या ध्यानात येत नाही. गरोदरपणात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांना मनाई असते, विशेषतः विसाव्या आठवड्यापासून पुढे. त्यामुळे दाढदुखी, अर्धशिशी, कंबरदुखी, ताप असा सगळा भार एकट्या पॅरासिटामॉलवर येतो. त्यात सर्दीची गोळी, ट्रामाडॉलबरोबरची जोडगोळी, पाण्यात विरघळणारी पावडर अशा नावं वेगळी असलेल्या औषधांतही तेच असतं. गोळ्यांच्या पत्त्याच्या (स्ट्रिपच्या) मागची बारीक अक्षरं वाचून प्रत्येकातलं पॅरासिटामॉल एकत्र मोजा. अतिउलट्यांमुळे काही दिवस पोटात अन्नच टिकलेलं नसेल, तर ग्लुटाथायोन आधीच खालावलेलं असतं. क्षयरोगाची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगा.

दवाखान्यात पोचेपर्यंत

घरातले सगळे रिकामे आणि अर्धे पत्ते, बाटल्या, डबा सोबत घ्या. पहिली गोळी किती वाजता आणि शेवटची किती वाजता, हे कागदावर लिहा. नक्की आठवत नसेल तर सर्वांत आधीची शक्य वेळ लिहा. सगळा उपचार या घड्याळावर चालतो. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. फुप्फुसात उलटी जाण्याचा धोका असतो, आणि गरोदर बाईत तो आणखी जास्त. तूप, दूध, लिंबू यांनी विष उतरत नाही. त्यात वेळ मात्र जातो.

पहिले काही तास

गोळ्या घेऊन एक तासाच्या आत बाई पोचली आणि ती पूर्ण शुद्धीवर असेल, तर ५० ग्रॅम सक्रिय कोळसा पाण्यात कालवून पाजतात. मात्रा मोठी असेल तर काही ठिकाणी त्यानंतरही देतात. कोळसा आतड्यातून रक्तात शिरतच नाही, त्यामुळे बाळाचा प्रश्न येत नाही. गुंगी असेल तर तो देत नाहीत.

रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी चार तास पूर्ण होण्याआधी काढून उपयोग नाही, कारण औषध तेव्हा अजून आतड्यातून रक्तात येत असतं आणि आकडा दिशाभूल करतो. चार तासांनंतरचा आकडा १९७५ मध्ये रुमॅक आणि मॅथ्यू यांनी मांडलेल्या आलेखावर ठेवून बघतात. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर पातळी, आणि मधून उतरत जाणारी उपचाराची रेषा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ही रेषा चार तासांना लिटरमागे १०० मिलिग्रॅमपासून सुरू होते, अमेरिकेत १५० पासून. दर चार तासांनी ती निम्म्यावर येते: शंभरची रेषा आठ तासांना ५० आणि बारा तासांना २५. आकडा रेषेवर किंवा वर असेल तर एनएसी सुरू.

गरोदर बायकांसाठी वेगळा आलेख नाही, हाच वापरतात. पण गरोदरपणात रक्तातला द्रवभाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेला असतो आणि यकृत, मूत्रपिंडं पॅरासिटामॉल अधिक वेगानं बाहेर टाकतात. त्यामुळे पातळी थोडी कमी दिसू शकते. आकडा रेषेच्या अगदी जवळ, पण किंचित खाली असेल, किंवा वेळेबद्दल शंका असेल, तर औषध द्यावं या मताचे आम्ही आहोत. न देण्याची किंमत देण्याच्या त्रासापेक्षा फार मोठी आहे.

तीन प्रसंगी आलेखाची वाट पाहत नाहीत. गोळ्या घेऊन आठ तास होऊन गेले असतील आणि मात्रा मोठी वाटत असेल, तर एनएसी आधी लावायचं, अहवाल नंतर बघायचा. पातळी खाली निघाली आणि यकृताच्या तपासण्याही नॉर्मल आल्या तर थांबवता येतं. गोळ्या एका तासाहून जास्त वेळात तुकड्यातुकड्यांनी घेतल्या असतील तर आलेख लागूच पडत नाही. आणि नक्की वेळ सांगता येत नसेल तेव्हाही तसंच. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर पहिली पातळी रेषेखाली आली तरी चार तासांनी पुन्हा रक्त काढावं लागतं.

उतारा कसा चढवतात

शिरेतून देण्याची जुनी, सर्वत्र माहीत असलेली पद्धत २१ तासांची आहे, तीन बाटल्यांची. पहिली किलोमागे १५० मिलिग्रॅम, २०० मिलिलिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, एका तासात. दुसरी किलोमागे ५०, ५०० मिलिलिटरमध्ये, चार तासांत. तिसरी किलोमागे १००, एक लिटरमध्ये, सोळा तासांत. औषध मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम असं येतं. आपल्या ६६ किलोच्या बाईला पहिल्या बाटलीत ९,९०० मिलिग्रॅम, म्हणजे ४९.५ मिलिलिटर, दुसरीत ३,३०० म्हणजे १६.५, तिसरीत ६,६०० म्हणजे ३३ मिलिलिटर. वजन फार जास्त असेल तर हिशोब ११० किलोवर थांबवतात. काही ठिकाणी आता दोन बाटल्यांची बारा तासांची पद्धत वापरतात: किलोमागे १०० दोन तासांत, मग २०० दहा तासांत. त्यात पुरळ आणि उलट्या कमी होतात.

चुका होतात त्या साध्या असतात. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत होते. पहिली बाटली संपून दुसरी लागेपर्यंत तास उलटतो. सोनोग्राफीला नेताना सलाईन बंद करतात आणि परत आल्यावर सुरू करायचं राहून जातं. यासाठी तिन्ही बाटल्यांचा हिशोब सुरुवातीलाच एका कागदावर करून, दुसऱ्या माणसाकडून तपासून, पलंगापाशी लावावा. शिवाय यात १७०० मिलिलिटर द्रव जातो. रक्तदाब वाढलेला असेल, प्रीएक्लाम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा आजार) असेल, तर फुप्फुसात पाणी साठण्याकडे डोळ्यात तेल घालून लक्ष द्यावं लागतं.

तोंडानं घ्यायच्या पद्धतीत आधी किलोमागे १४० आणि मग दर चार तासांनी ७० मिलिग्रॅम, असे १७ डोस देतात. औषधाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधीच मळमळणाऱ्या गरोदर बाईला ते टिकवणं अवघड जातं, आणि एका तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. शिरेतून देण्याची सोय असेल तर तीच बरी.

पहिल्या बाटलीच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, खाज, अंगावर पित्त उठणं, क्वचित छातीत घरघर किंवा रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं. दमेकऱ्यांमध्ये हे जास्त. ही खरी ॲलर्जी नव्हे. औषध वेगानं गेल्यामुळे शरीरातलं हिस्टामिन सुटतं. सलाईन थांबवतात, क्लोरफेनिरामिनसारखं औषध देतात, घरघर असेल तर सॅल्ब्युटामॉलची वाफ देतात आणि लक्षणं ओसरली की कमी वेगानं पुन्हा सुरू करतात. पुरळ आलं म्हणून एनएसी कायमचं बंद करणं ही मोठी चूक. पूर्वी कधी असा त्रास झाला होता, हेही न देण्याचं कारण होत नाही.

अहवाल वाचताना गरोदरपण विसरू नका

प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादा गरोदर नसलेल्यांच्या असतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) गरोदरपणात एरवी ०.४ ते ०.८ च्या दरम्यान असतं. म्हणजे १.० हा निर्धास्त दिसणारा आकडा मूत्रपिंडावर ताण आल्याचं लक्षण असू शकतो. बायकार्बोनेट १८ ते २२ इतकं खाली असणं हे गरोदरपणात नेहमीचं, त्यामुळे तेवढ्यावरून ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढणं, ठरवता येत नाही. पीएच आणि लॅक्टेट सोबत बघावे लागतात. अल्कलाइन फॉस्फटेज वारेमुळे वाढलेलं असतं आणि अल्ब्युमिन द्रव वाढल्यामुळे कमी. एएलटी मात्र गरोदरपणामुळे वाढत नाही. ते वाढलं असेल तर कारण शोधलंच पाहिजे.

शेवटच्या तीन महिन्यांत इथे खरा पेच पडतो. यकृताची एन्झाइम्स वाढलेली बाई हेल्प सिंड्रोमची असू शकते, गरोदरपणातल्या तीव्र फॅटी लिव्हरचीही असू शकते. हेल्पमध्ये प्लेटलेट्स उतरतात आणि लाल पेशी फुटतात. फॅटी लिव्हरमध्ये साखर उतरते आणि बिलिरुबिन बरंच चढतं. पॅरासिटामॉलमध्ये एएलटी हजारांत जातं, बिलिरुबिन त्या मानानं मागे राहतं. फरक महत्त्वाचा, कारण त्या दोन आजारांत बाळंतपण हाच उपाय असतो आणि पॅरासिटामॉलमध्ये तसं नसतं. कारण कळेनासं असेल तेव्हा रक्तात पॅरासिटामॉल मोजावं. पण दोन दिवसांनी पातळी शून्य आली म्हणून शक्यता संपत नाही; तोवर औषध निघून गेलेलं असतं आणि नुकसान मागे उरलेलं असतं.

शेवटची बाटली संपत आली की एएलटी, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा), क्रिएटिनिन आणि पॅरासिटामॉल पुन्हा तपासतात. एएलटी चढत असेल, आयएनआर १.३ च्या वर असेल किंवा रक्तात पॅरासिटामॉल अजून शिल्लक असेल, तर तिसऱ्या बाटलीच्या वेगानंच एनएसी चालू ठेवतात. रक्तस्राव नसताना केवळ आयएनआर सुधारावा म्हणून प्लाझ्मा देऊ नये. यकृत किती बिघडलंय ते आयएनआरवरूनच कळतं, प्लाझ्मा दिला की ती खूणच पुसली जाते. पीएच ७.३ च्या खाली, आयएनआर ६.५ च्या वर, क्रिएटिनिन वाढतं आणि गुंगी अशी चिन्हं दिसली तर यकृत प्रत्यारोपण होतं अशा केंद्राशी लगेच बोलायला हवं. ही चिन्हं पूर्ण होईपर्यंत थांबू नये, फोन आधी करावा.

बाळाची देखरेख आणि बाळंतपण

बाळ बाहेर जगू शकेल इतके आठवडे झाले असतील तर त्याच्या ठोक्यांचा आलेख आणि सोनोग्राफी करतात. आलेख सपाट दिसला तर आधी आईचं ॲसिडोसिस, साखर आणि ऑक्सिजन बघावं. आई सावरली की बाळाचा आलेखही पुष्कळदा सावरतो. केवळ जास्त गोळ्या घेतल्या म्हणून प्रसूती घडवून आणत नाहीत. तसंच, पहिल्या तीन महिन्यांत असं झालं आणि उपचार वेळेवर झाले, तर एवढ्या कारणासाठी गर्भपात करायची गरज नसते. हे बाईला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण भीतीपोटी असे निर्णय घेतले जातात.

गोळ्या घेतल्यानंतर एक-दोन दिवसांतच बाळंतपण झालं तर नवजात बाळाच्या रक्तातही पॅरासिटामॉल आणि यकृताची एन्झाइम्स तपासतात. नवजात शरीरातून हे औषध मोठ्यांपेक्षा बरंच सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे आईची पातळी उतरली तरी बाळाची राहू शकते. गरज पडली तर बाळालाही एनएसी देतात.

गोळ्या का घेतल्या, हे विचारायचं कसं

जाणूनबुजून घेतल्या असतील तर बाईला रागावणं, बाळाचा विचार नाही केलास का असं म्हणणं, यानं ती गप्प होते आणि वेळ, मात्रा, सोबत घेतलेली दुसरी औषधं ही माहितीही हाती लागत नाही. गरोदरपणातलं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर बाळाला चालतील असे उपचार आहेत. तिच्याशी एकटीशी बोला. नवरा किंवा घरची माणसं खोलीबाहेर असताना. घरात मारहाण होते का, नको असलेलं गर्भारपण आहे का, आत्ताही जीव नकोसा वाटतोय का, हे सरळ विचारा. असं विचारल्यानं तसा विचार मनात येत नाही, उलट ज्या बाईच्या मनात तो आहे तिला बोलायला वाट मिळते. मानसोपचारतज्ज्ञांनी भेटल्याशिवाय तिला घरी सोडू नये. ती घरी जाण्याआधी घरातल्या उरलेल्या गोळ्या कोणीतरी काढून घ्याव्यात, आणि पुढे ताप किंवा दुखण्यासाठी औषध लागलंच तर एका वेळी दोन दिवसांपुरत्याच गोळ्या द्याव्यात. कधी स्वतःच्या मनात असे विचार आले तर विश्वासातल्या माणसाला किंवा जवळच्या मदतवाहिनीला त्याच दिवशी सांगा. गोळ्या घेऊन झाल्या असतील तर अंगाला काहीच होत नसलं तरी त्याच क्षणी दवाखान्यात निघा.